व्हिएन्नातल्या आमच्या फ्लॅटला मिळालेल्या दोन स्टारबद्दल

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू परवा वाचला. दोन स्टार आणि खाली चार तक्रारी: पहिला मजला सांगून तिसऱ्यावर चढवलं, स्टेशन चुकीचं सांगितल्यामुळे साल्झबुर्गची गाडी गेली, रविवारी उपाशी राहावं लागलं, आणि पासपोर्टचे नंबर मागून वर टॅक्सही वेगळा उकळला. वाचल्या वाचल्या काहीतरी तिखट लिहिलं गेलं असतं, म्हणून दोन दिवस थांबले.

आधी मजल्याचं, कारण तिथे चूक माझीच आहे. व्हिएन्नातल्या बऱ्याच जुन्या इमारतींत तळमजल्याच्या वर 'होखपार्टेर', त्याच्यावर 'मेझानीन' असे न मोजलेले दोन मजले आणि मग कुठे 'पहिला' मजला येतो. पूर्वी मजल्यांच्या संख्येवर बंधन होतं, त्यातून काढलेली ही पळवाट, असं इथले लोक हसत सांगतात. आमच्या कागदपत्रांत फ्लॅट पहिल्या मजल्यावरच आहे. इतकी वर्षं राहून मलाही तो पहिलाच वाटायला लागलाय. पण ठाण्याहून येणाऱ्या माणसाने हे कुठून ओळखावं? काल जिना मोजला. 68 पायऱ्या, त्यातल्या शेवटच्या वळणावरच्या जरा उंचच. काकूंचे गुडघे दुखतात हे तुम्ही बुकिंग करताना लिहिलं होतं. ते वाचून मी फोन करायला हवा होता. केला नाही. एका रात्रीचं भाडं आज परत पाठवलं आहे आणि जाहिरातीत आता 'तुमच्या हिशेबाने तिसरा मजला, लिफ्ट नाही, 68 पायऱ्या' असं सर्वात वर लिहिलं आहे.

गाडीच्या बाबतीत मात्र मी मान्य करणार नाही, निदान पूर्ण तरी नाही. माझा मेसेज अजून फोनमध्ये आहे: 'वेस्टबानहोफ घरापासून पाच मिनिटं, साल्झबुर्गला तिथूनही गाड्या आहेत.' हे खरंच आहे. साल्झबुर्गच्या मार्गावर दोन कंपन्या धावतात. वेस्टबान नावाच्या खासगी कंपनीच्या गाड्या वेस्टबानहोफहून सुटतात, पण सरकारी रेल्वे ओबीबीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या 2015 च्या शेवटापासून हाउप्टबानहोफ या मुख्य स्टेशनला गेल्या. एकीचं तिकीट दुसरीच्या गाडीत चालत नाही. तुम्ही ओबीबीचं स्वस्तातलं 'श्पारशीने' तिकीट घेतलंत. ते ठरावीक गाडीपुरतंच असतं, म्हणून ती गाडी गेली की तिकीटही गेलं. त्यावर स्टेशनचं नाव छापलेलं होतं. ते न बघता तुम्ही माझ्या मेसेजवर गेलात, त्यामुळे तिकिटांचे पैसे मी देणार नाही. तरी एक कबूल करते: 'तिथूनही' या शब्दातला 'ही' माझ्यासाठी खूप बोलत होता, तुमच्यासाठी काहीच नाही. मेसेज बदलला आहे, दोन्ही कंपन्यांची नावं घालून.

हळहळ वेगळ्याच गोष्टीची वाटते. सव्वासातला तुम्ही वेस्टबानहोफला चुकीच्या बोर्डाखाली उभे होतात, असं तुम्हीच लिहिलंय. गाडी साडेसातची. पश्चिमेकडे जाणारी रेलजेट, म्हणजे ओबीबीची जलद गाडी, हाउप्टबानहोफ सोडल्यावर काही मिनिटांत मायडलिंग स्टेशनला थांबते, आणि वेस्टबानहोफहून तपकिरी रंगाच्या यू-6 मेट्रोने मायडलिंग चौथं स्टेशन. धावपळ झाली असती, पण त्याच गाडीत, त्याच सीटवर बसला असतात. मला मेसेज आला साडेनऊला. मी साडेपाचपासून जागी होते, कारण तेव्हाच तुमच्या कुकरच्या तीन शिट्ट्यांबद्दल खालच्या आजींचा फोन येऊन गेला होता. (सकाळी सहापर्यंत शांतता पाळायची असते इथे. डाळ छान झाली असेल, तक्रार नाही.)

रविवारचं म्हणाल तर इथे रविवारी दुकानं बंदच असतात आणि शनिवारीही संध्याकाळी सहाला शटर खाली येतं. फ्रिजवरच्या कागदावर ते मराठीत लिहिलेलं आहे. हाउप्टबानहोफ आणि प्राटरश्टेर्न स्टेशनांतली सुपरमार्केट रविवारीही उघडी असतात, हेही.

पासपोर्टचे नंबर आणि टॅक्स यांत माझा एक पैसा नाही. पाहुण्यांची नोंद ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि मुक्कामाचा कर महापालिकेला जातो. 'पैसे उकळण्याचा धंदा' हे मात्र लागलं. जुलै 2024 पासून खास परवानगी नसेल तर व्हिएन्नात आपलं घर असं वर्षातून 90 दिवसच देता येतं. त्या 90 दिवसांतले सहा तुमचे होते.

काकूंचा गुडघ्याला लावायचा पट्टा बाथरूममधल्या हीटरवर वाळत राहिला आहे. धुऊन ठेवलाय. माझी बहीण पुढच्या महिन्यात डोंबिवलीला जातेय, तिच्याबरोबर पाठवते. घरचा पत्ता इथे नको, मेसेजवर कळवा.