नावात हैबत, अंगात नाही

माझं नाव हैबत. फोनवर सांगितलं की समोरचा आधी "काय?" म्हणतो, मग "अभिजित का?" म्हणतो, आणि तिसऱ्या वेळी मीच दमून "हो, अभिजित" म्हणतो, त्यामुळं पोवई नाक्यावरच्या एका केकवाल्याकडं गेली 6 वर्षं मी अभिजित आहे, माझ्या स्वतःच्या वाढदिवसाच्या केकवरसुद्धा.

आधारवर हायबत, लायसनवर हेबत, आणि मोबाईल तर इंग्रजीत टाईप केलं की परस्पर हॅबिट करून टाकतो. केवायसीला गेलो तर काउंटरवरच्या ताईंनी तिन्ही कागद ओळीनं मांडले, चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे विचारलं, "तिघं भाऊ का?"

शब्द मूळचा अरबी, फारशीतून आपल्याकडं आलेला. अर्थ धाक, दरारा, बघणाऱ्याला धडकी भरावी असा. गुलाबराव, फत्तेसिंगराव जसे आपल्यात रुळले तसे हैबतरावपण. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांचे सरलष्कर हैबतराव निंबाळकर, त्यांना शोभलं असेल ओ, माझं वजन 53 किलो आणि कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकतो. बघायच्या कार्यक्रमात मुलीच्या मामांनी अर्थ विचारला, मी सांगितला, त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाले, "बरं. चहा घ्या."

नाव ठेवलं आजोबांनी, ते माळकरी. त्यांच्या डोक्यात सरदार-बिरदार नव्हते, आपल्या साताऱ्याजवळच्या आरफळचे हैबतबाबा होते, ज्यांनी 1830 च्या आसपास माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली. आळंदीत महाद्वाराची पहिली पायरी त्यांच्या नावाची आहे. आधी ते ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी होते, आणि घरी परतताना म्हणे सातपुड्यात लुटारूंनी धरलं, तर बाबा नुसते हरिपाठ म्हणत बसले आणि सुटले. म्हणजे बघा, खुद्द त्यांच्या नावालाही कोणी घाबरलं नव्हतं. हे ऐकल्यापासून मला जरा बरं वाटतं.

गेल्या आषाढात लोणंदला पालखी बघायला गेलो होतो, नुसतं दर्शन घेऊन दुपारच्या एस्टीनं परत यायचं, पायात नवे कोरे बूट. रस्त्याकडेला एका आजींना पाणी दिलं, त्यांनी नाव विचारलं, मी हळूच सांगितलं. "हैबत?" असं म्हणून त्या माउली थेट माझ्या पायाच पडल्या. मी असा काही मागं उडालो की मागच्या टाळकऱ्याच्या अंगावरच गेलो. आजी उठल्या, पदर सारखा केला, डोक्यावरचं गाठोडं उतरवून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "मग चला की बाबा, तुमचीच वारी हाय न्हवं."

आता असं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? वाटेत चांदोबाच्या लिंबाला माउलींचा घोडा वारकऱ्यांच्या रांगांमधून धावतो, ते उभं रिंगण मी गाठोडं डोक्यावर घेऊन बघितलं. तरडगावात पोचलो तेव्हा बूट हातात होते आणि शेवटची एस्टी गेली होती.