‘अनुभवी’ यांना उत्तर: पेन हातात होतंच की

नमस्कार ‘अनुभवी’ महोदय,

थकलेल्या कर्जापोटी पेन्शन जप्त करता येत नाही, हे सांगणाऱ्या ‘पेन्शनला हात लावू देऊ नका’ या माझ्या गेल्या महिन्यातल्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना गॅसवरचं दूध उतू गेलं, ते आपल्या खात्यावर मांडून ठेवते.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपण वसुली खात्यात २९ वर्षं काढलीत. आपलं म्हणणं असं, की मी ‘अर्धवट माहितीवर’ लोकांना कर्ज बुडवायला शिकवते. पेन्शन एकदा बचत खात्यात पडलं की ते चारचौघांसारखे पैसे होतात. बँकेला करार कायद्याच्या कलम १७१ चा, म्हणजे येणं फिटेपर्यंत ग्राहकाचे पैसे अडवून ठेवण्याचा अधिकार आहे. पोटगीचा मी उल्लेखच केला नाही. पतसंस्थांचे ठेवीदारही म्हातारेच असतात, त्यांचं मला काही पडलेलं नाही. जामीनदार काही कुक्कुलं बाळ नसतो, ‘सही करताना पेन त्याच्याच हातात होतं ना?’ आणि सगळ्यात शेवटी, ‘ताई, कायदा म्हणजे पाककृती नव्हे!!!’ तीन उद्गारचिन्हं आपलीच.

आधी ही उद्गारचिन्हं. या ब्लॉगवर मी आंबोळीची कृती एकदाच टाकली आहे. बाकी सगळं लिखाण पोस्ट, बँक, पेन्शन, वारस नोंद यांवर आहे. एकवीस वर्षं मी पोस्टाची आरडी एजंट आहे. माझ्या पिशवीत महिन्याला साठ-पासष्ट खातेपुस्तकं असतात, त्यातली निम्मी पेन्शनरांची. कुणाचं पेन्शन कोणत्या तारखेला जमा होतं आणि कितव्या दिवशी संपतं, हे मला त्यांच्या सुनांपेक्षा जास्त माहीत असतं. लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर आपण ‘साहेब, कायदा म्हणजे गाडीचं पंक्चर नव्हे’ असं लिहिलं असतंत का? असो. हे मनावर घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. नाही जमलं.

पोटगीचं मात्र आपलं बरोबर आहे. मी ‘कोणीही हात लावू शकत नाही’ असं ठोकून दिलं होतं, ते चुकलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये सांगितलं आहे, की पोटगी मागणारी बायको म्हणजे सावकार नव्हे, त्यामुळे पेन्शन कायद्याची ढाल तिच्यापुढे चालत नाही. चांगलाच निकाल आहे. तो मी विसरले, मान्य. लेखात दुरुस्ती करते.

आता पेन.

आपल्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत माझ्या मनात रुतून बसलेलं वाक्य हेच. सही करताना पेन हातात होतं ना? होतं. माझ्या वडिलांच्याही हातात होतं. अप्पा सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. शिक्षकांमध्ये जामीनदारकी कशी चालते हे २९ वर्षं वसुली केलेल्या माणसाला मी सांगायची गरज नसावी, पण प्रतिक्रियेवरून गरज दिसते. चार जणांचा स्टाफ. कदमांच्या कर्जाला पाटील जामीन, पाटलांच्या कर्जाला अप्पा, अप्पांच्या घरबांधणीला कदम. कोणी नाही म्हणायचं नसतं, कारण उद्या आपल्यालाही दोन सह्या लागणार असतात. शाळा सुटल्यावर कागदांचा गठ्ठा यायचा, सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. फुली दिसेल तिथे सही. मास्तर माणूस मुलांच्या वहीतला काना-मात्रा सोडत नाही, पण हा गठ्ठा कधी वाचल्याचं मला आठवत नाही.

२००६ साली अप्पांनी एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाच्या कर्जाला जामीन राहून अशा फुल्यांवर सह्या केल्या. २००७ ला निवृत्त झाले. सहकाऱ्याचे हप्ते पुढे थकले, ते स्वतः बिछान्याला खिळले, मग गेले. २०१२ च्या पावसाळ्यात अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. म्हणजे आपण म्हणता ते पेन ज्या हातात होतं, तोच हात.

पुढच्या वर्षीची गोष्ट. पैसे काढायच्या पावतीवर अप्पांचा डाव्या हाताचा अंगठा घेतला, चार हजारांचा आकडा मी लिहिला आणि बँकेत गेले. बँकेचं नाव लिहीत नाही. कर्ज तिथलंच आणि पेन्शनही तिथेच यायचं. काउंटरवरच्या मुलाने पावती परत सरकवली. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘होल्ड’. पासबुकात शिल्लक १९ हजार ४१२ दिसत होती आणि काढता येण्यासारखी रक्कम शून्य. का, तर जामीनदार. नोटीस? पाठवली असेल म्हणे. किती दिवस? साहेब सांगतील. साहेब मीटिंगला. अप्पांच्या हाताचा व्यायाम घ्यायला जो मुलगा घरी यायचा तो एका वेळचे अडीचशे रुपये घ्यायचा. त्या महिन्यात तो आठ दिवस आलाच नाही, म्हणजे मीच त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. त्या आठ दिवसांत अप्पांची बोटं परत आखडली.

तेव्हा मला कलम-बिलम काही माहीत नव्हतं. शेजारच्या वकिलांकडे गेले तर त्यांनी आधी जामीनपत्राची नक्कल मागायला लावली. ती मिळायला तीन हेलपाटे झाले. तिच्यात आपल्या लाडक्या पेनाने कबूल केलेलं एक वाक्य होतं, की माझ्या पगारातून, निवृत्तिवेतनातून किंवा अन्य येण्यातून परस्पर वसुली करण्यास माझी हरकत नाही. मी म्हटलं, झालं, संपलं. वकील हसले आणि त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहिता उघडली.

इथे जरा सावकाश वाचा महोदय, कारण माझा सगळा लेख याच्यावरच उभा होता आणि आपण तेवढाच भाग ओलांडून पुढे गेलात. या संहितेच्या कलम ६० मध्ये कोणती मालमत्ता जप्त होऊ शकत नाही याची यादी आहे. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी तिच्यात आहे, भविष्य निर्वाह निधी आहे, पीपीएफ आहे. आणि त्याच कलमात १९७६ च्या दुरुस्तीने एक पोटकलम घातलं, ६० (१ए). त्याचा अर्थ असा, की हे संरक्षण मी सोडून देतो असं कुणी कराराने लिहून दिलं असलं तरी तो करार रद्दबातल. म्हणजे पेन हातात होतं हे कायद्याला ठाऊक आहे. फुल्या ठाऊक आहेत. स्टाफरूम ठाऊक आहे. हे सगळं ठाऊक असूनही कायदा म्हणतो, ही एवढी सही आम्ही मोजणार नाही. आपण ज्या सहीवर बोट ठेवता तिच्यावरच कायद्याने आधी फुली मारून ठेवली आहे.

आणि हे काही दिल्लीतल्या कुणा दयाळू माणसाला परवा सुचलेलं नाही. १८७१ चा पेन्शन कायदा आहे, राणीच्या राज्यातला. त्याचं अकरावं कलम सांगतं, की झालेल्या सेवेबद्दल, सध्याच्या पंगुत्वाबद्दल किंवा अनुकंपा म्हणून सरकार देतं ते पेन्शन सावकाराच्या मागणीवरून कोणत्याही न्यायालयाला जप्त करता येणार नाही. बारावं कलम सांगतं, की पुढे मिळणाऱ्या पेन्शनवर आधीच लिहून दिलेले हक्क निरर्थक. इंग्रज सरकारला आपल्या माणसांचा कळवळा होता असं मी म्हणत नाही. आपल्याकडून गेलेला रुपया सावकाराच्या पेटीत न जाता शिपायाच्या घरात जावा, एवढा व्यवहार त्यांना कळत होता. तो आपल्याला २९ वर्षांत कळू नये?

हे वरचं वाक्य जरा जास्त झालं. तरी राहू द्या.

‘बुडवायला शिकवते’ याबद्दल. हप्ते थकल्यावर जामीनदार कर्जदाराइतकाच जबाबदार असतो, हे करार कायद्याचं कलम १२८ मी मूळ लेखात पहिल्याच परिच्छेदात दिलं होतं. जमीन, सोनं, गाडी सगळं वसुलीला मोकळं आहे. कायदा फक्त एक ताट बाजूला काढून ठेवतो. अप्पांचं पुढे काय झालं ते सांगते. वकिलांच्या सल्ल्याने अर्ज दिला, आवक शिक्का मारून घेतला, एक प्रत बँकिंग लोकपालांकडे पाठवली. त्रेचाळिसाव्या दिवशी होल्ड निघाला. कुणी कारण लिहून दिलं नाही, सॉरी म्हणणं तर दूरच. आणि मग अप्पांनी काय करावं? मला बोलावून म्हणाले, बोलणं नीट येत नव्हतं, तुकड्या-तुकड्यांत म्हणाले, की शब्द दिला होता. दरमहा दीड हजार ते स्वतःहून भरत राहिले, तीन वर्षं. मी भांडले त्यांच्याशी. पैसे बँकेने परस्पर वळते करणं आणि अप्पांनी औषधं-दूध भागवून उरलेले स्वतः मोजून देणं, यात फरक आहे की नाही, ते आपण सांगा. बुडवायला शिकवते म्हणे.

बाकीचे मुद्दे भराभर घेते.

पेन्शन खात्यात पडलं की साधे पैसे होतात हा समज कुठून आला तेही मला माहीत आहे. १९७६ च्या ज्योती चिटफंड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कर्मचाऱ्याच्या हातात पडेपर्यंत या पैशाचं स्वरूप टिकतं, असे शब्द वापरले होते. त्यावरून वसुलीवाल्यांनी सोयीस्कर अर्थ काढला की हातात पडलं की मोकळं. पण त्याच न्यायालयाने २००८ मध्ये राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या निकालात सांगितलं, की निवृत्तीचे पैसे मिळून ते मुदत ठेवीत गुंतवले तरी पेन्शन-ग्रॅच्युइटीचं संरक्षण जात नाही. आपण निवृत्त कधी झालात ते लिहिलं नाहीत, त्यामुळे हा निकाल आपल्या टेबलावर आला होता की नाही याबद्दल मी काही बोलत नाही.

कलम १७१, बँकेचा धारणाधिकार, लियन. आहे ते कलम. पण न्यायालयाचा हुकूमनामा हातात असूनही ज्या पैशाला हात लावता येत नाही, तो हुकूमनाम्याशिवाय, नुसत्या शाखाधिकाऱ्याच्या माऊसवर कसा अडकवता येतो, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

पेन्शनमधून ‘पगारासारखं एक तृतीयांश’ कापता येतं असंही आपण ओघात लिहून गेलात. पगाराचा हिशेब वेगळा आहे. पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित, बाकीच्यावर जप्ती, तीही एका हुकूमनाम्यासाठी जास्तीत जास्त चोवीस महिने. पेन्शनला तो हिशेबच लागू नाही. २९ वर्षांत आपण किती जणांचं एक तृतीयांश कापलंत, हा विचार करून मला रात्री झोप लागली नाही.

मूळ लेखातल्या अपंगत्वाच्या पैशांच्या मुद्द्यावर आपण काहीच लिहिलं नाहीत, म्हणजे तो पटला असं धरते. आमच्या गल्लीतल्या एका मुलाचा पंजा प्रेस मशिनमध्ये गेला. भरपाईचा धनादेश जमा झाला त्याच आठवड्यात मोटरसायकलच्या कर्जाचा वसुली एजंट दारात. सकाळी सातला. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच सांगून ठेवलं आहे की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोनसुद्धा करायचे नाहीत. हा तर दारातच. कामावर जायबंदी झालेल्या कामगाराची भरपाई जप्त होणार नाही, हे १९२३ च्या कायद्यातच लिहिलं होतं. मुलाच्या आईला हे माहीत नव्हतं, तिने निम्मे देऊन टाकले. अशा आयांसाठी मी लिहिते. आपल्यासाठी नाही.

राहिला ठेवीदारांचा मुद्दा. पतसंस्थेत ठेवी ठेवणारेही म्हातारेच असतात, जामीनदाराकडून वसुली झाली नाही तर त्यांचे पैसे बुडतात, वगैरे. हो, असतात. माझ्या धाकट्या मावशीचे सव्वादोन लाख एका पतसंस्थेत अडकलेत, पाच वर्षं झाली, ती दर गुरुवारी जाऊन बसून येते. पण तो वेगळा विषय आहे आणि त्याचा या लेखाशी संबंध जोडणं म्हणजे विषयांतर. त्यावर सवडीने लिहीन.

आपली प्रतिक्रिया काढलेली नाही, जशीच्या तशी ठेवली आहे, उद्गारचिन्हांसकट. पोटगीची ओळ लेखात आजच्या तारखेसह घातली आहे. आंबोळीच्या पिठाच्या प्रमाणाबद्दल काही शंका असेल तर ती मात्र त्या लेखाखाली विचारा, इथे नको.