लाळेचा थेंब आणि ‘शंभर टक्के’ निदान

‘लाळेच्या एका थेंबावरून कोणताही कॅन्सर दहा मिनिटांत आणि शंभर टक्के खात्रीने कळतो, बायोप्सीची (गाठीचा तुकडा काढून तपासण्याची) आता गरज उरलेली नाही, पण बडे लोक ही चाचणी दडपून ठेवत आहेत’ अशा आशयाचा मजकूर गेली कित्येक वर्षे थोड्याफार फरकाने फिरत आहे. कधी त्यात दहा मिनिटांऐवजी पाच सेकंद असतात, तर कधी ‘कोणताही’ ऐवजी स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग असतो. मजकूर निखालस बनावट असता तर एका वाक्यात निकालात काढता आला असता. परंतु त्याच्या मुळाशी खरे आणि मोलाचे संशोधन आहे, म्हणूनच त्यातील एकेक विधान सुटे करून तपासावे लागते.

त्याचा उगम बराचसा नेमका दाखवता येतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये वॉशिंग्टन येथे अमेरिकन असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ सायन्स या संस्थेच्या वार्षिक अधिवेशनात, लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दंतवैद्यक शाखेतील संशोधक डेव्हिड वाँग यांनी आपल्या गटाच्या तंत्राची माहिती दिली. लाळेचा थेंब, सुमारे दहा मिनिटे आणि फुप्फुसाच्या कर्करोगातील ठरावीक म्युटेशन (जनुकांतील बदल) एवढा त्या कामाचा आवाका होता. मथळ्यांपर्यंत पोहोचताना ‘फुप्फुसाच्या’ हा शब्द गळाला, ‘ठरावीक’ हाही गळाला, आणि ‘शंभर टक्के’ तेवढे टिकले.

‘कोणताही कॅन्सर’ हे पहिले विधान घेऊ. वाँग यांच्या तंत्रात इलेक्ट्रोडवर डीएनएचा एक छोटा तुकडा आधीच बसवलेला असतो. विद्युत्क्षेत्राच्या प्रभावाखाली लाळेतील त्याचा नेमका जोडीदार येऊन चिकटला, तर विद्युतप्रवाहात फरक पडतो आणि तो मोजला जातो. जो तुकडा बसवलेला नाही, त्याचा जोडीदार लाळेत कितीही असला तरी या यंत्राला दिसत नाही. त्यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ४० रुग्णांची लाळ तपासली होती आणि ईजीएफआर या जनुकातील दोन विशिष्ट बदल शोधले होते. बायोप्सीतून मिळालेल्या उत्तराशी लाळेतील उत्तर फार चांगले जुळले, आणि ही कामगिरी खरोखर वाखाणण्यासारखी आहे. पण हे सर्व रुग्ण आधीच निदान झालेले होते. त्यांना कर्करोग आहे की नाही, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. ईजीएफआरला रोखणारे औषध त्यांना लागू पडेल का, हा प्रश्न होता. युरोप-अमेरिकेत फुप्फुसाच्या सर्वसामान्य प्रकारच्या कर्करोगात हे बदल सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांतच आढळतात. म्हणजे चाचणी अगदी निर्दोष चालली तरी तिकडच्या दर दहापैकी आठ-नऊ रुग्णांच्या बाबतीत ‘निगेटिव्ह’ हेच तिचे बरोबर उत्तर ठरेल, आणि त्यांना कर्करोग मात्र असेलच.

गाठ शरीरात कोठे आहे यावरही बरेच अवलंबून असते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील गटाने २०१५ मध्ये डोके व मानेच्या भागातील कर्करोगाच्या ९३ रुग्णांच्या लाळेत गाठीचा डीएनए शोधला. तोंडाच्या पोकळीतील कर्करोगाचे ४६ रुग्ण होते आणि त्या सर्वांच्या लाळेत तो सापडला. शंभर टक्के म्हणावे असे उत्तर येथे खरोखरच मिळाले. मात्र जिभेच्या मुळाशी आणि टॉन्सिलच्या परिसरात, म्हणजे काही सेंटिमीटर मागे, गाठ असलेल्या ३४ रुग्णांत हेच प्रमाण ४७ टक्क्यांवर आले. तोंडातील गाठ लाळेत थेट पेशी सोडते, तर खोलवरच्या गाठीचे अंश रक्तातून पाझरत आणि विरळ होत लाळेपर्यंत यावे लागतात. शिवाय या अभ्यासातही आधी गाठीचा तुकडा तपासून तिच्यातील म्युटेशन किंवा कर्करोगाला कारण ठरलेल्या विषाणूचे जनुक निश्चित केले होते आणि मग तेच लाळेत शोधले होते. घरात कोणती वस्तू हरवली आहे हे ठाऊक असताना ती शोधणे आणि काही हरवले आहे का हेच ठाऊक नसताना शोधत बसणे, यांत जितके अंतर आहे तितकेच येथे आहे.

‘शंभर टक्के अचूक’ या शब्दांपाशी मात्र जास्त थांबायला हवे, कारण सर्वांत मोठी चूक येथे होते. लाळेतील आरएनएवरून, म्हणजे जनुकांचा संदेश वाहणाऱ्या रेणूंवरून, तोंडाचा कर्करोग ओळखण्याचा वाँग यांच्या गटाचा गाजलेला अभ्यास २००४ चा आहे. त्यात ३२ रुग्ण आणि ३२ निरोगी व्यक्ती होत्या. सात आरएनए-चिन्हकांपैकी (आजाराची खूण ठरणाऱ्या रेणूंपैकी) चारांच्या एकत्रित वापराने ९१ टक्के संवेदनशीलता आणि ९१ टक्के विशिष्टता मिळाली, म्हणजे शंभर रुग्णांपैकी ९१ ओळखले जातील आणि शंभर निरोगी व्यक्तींपैकी ९१ जणांना योग्य तो दिलासा मिळेल. निम्मे रुग्ण आणि निम्मे निरोगी अशा गटात हा आकडा उत्तम दिसतो. आता तीच चाचणी, समजा, एक लाख लोकांना दिली आणि त्यांच्यापैकी १०० जणांना हा आजार आहे. चाचणी त्यांतील ९१ जण पकडेल. उरलेल्या ९९,९०० निरोगी लोकांपैकी ९ टक्के, म्हणजे ८,९९१ जणांनाही ती ‘पॉझिटिव्ह’ सांगेल. एकूण ९,०८२ पॉझिटिव्ह अहवालांत खरे रुग्ण ९१, शंभरात जेमतेम एक. चाचणी बदललेली नाही, फक्त तिच्यासमोर बसणारी माणसे बदलली आहेत.

शिवाय त्या सात चिन्हकांत आयएल-८ आणि आयएल-१-बीटा यांचा समावेश आहे. हे दाहाशी निगडित रेणू आहेत आणि हिरड्यांच्या आजारातही लाळेत वाढू शकतात. त्या अभ्यासात लाळ सकाळी ९ ते १० या वेळेतच घेतली होती, त्याआधी किमान तासभर खाणे, पिणे, धूम्रपान आणि दात घासणे वर्ज्य होते, आणि नमुना ४ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचे पाणी वेगळे केले होते. एवढी बंधने पाळून मिळालेला आकडा घरच्या घरी काडीवर घेतलेल्या थेंबाला लावता येत नाही. ओघात हेही सांगायला हवे की फिरणाऱ्या मजकुरात लाळ, थुंकी आणि बेडका हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. क्षयाच्या तपासणीत लागतो तो फुप्फुसातून खाकरून काढलेला बेडका, आणि त्याचा या चाचण्यांशी संबंध नाही.

नमुने थोडे असले की आकडे कसे फसवतात, याचे एक जुने उदाहरण रक्ताच्या चाचणीचे आहे. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात रक्तातील प्रथिनांच्या आकृतिबंधावरून अंडाशयाच्या कर्करोगाचे ५० पैकी ५० नमुने ओळखल्याचे म्हटले होते. पुढे त्या अभ्यासकांनी उपलब्ध करून दिलेली आकडेवारी संख्याशास्त्रज्ञ कीथ बॅगर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा तपासली, तेव्हा त्या फरकांमागे आजारापेक्षा नमुन्यांवर प्रयोगशाळेत झालेल्या प्रक्रियेतील तफावत असल्याची चिन्हे दिसली.

‘बायोप्सीची गरज नाही’ या विधानाला उत्तर थोडक्यात देता येते. लाळेतील रेणू गाठ कोणत्या अवयवात आहे, किती खोल गेली आहे, कोणत्या प्रकारच्या पेशींची आहे, यांपैकी काहीही दाखवत नाही, आणि शस्त्रक्रिया करायची की किरणोपचार द्यायचे हे त्यावरच ठरते. तोंडातील व्रण दोन-तीन आठवड्यांत भरून आला नाही, तर तो तज्ज्ञाने पाहणे आणि गरज वाटल्यास तुकडा काढून तपासणे, हाच आजही निदानाचा मार्ग आहे. लाळेच्या ‘निगेटिव्ह’ अहवालावर विसंबून कोणी ते लांबवले, तर त्या मजकुराने प्रत्यक्ष अपाय केला असे म्हणावे लागेल.

‘पाच सेकंदांत स्तनाचा कर्करोग’ ही आवृत्ती फेब्रुवारी २०२४ पासूनची. फ्लोरिडा विद्यापीठ आणि तैवानमधील संशोधकांनी रक्तशर्करेच्या पट्टीसारख्या स्वस्त पट्टीवर एचईआर-२ आणि सीए १५-३ ही स्तनाच्या कर्करोगाशी निगडित दोन चिन्हके मोजण्याचे उपकरण तयार केले. पाच सेकंद लागतात ते मापनाला. लाळेचे नमुने होते २१. एचईआर-२ चे प्रमाण स्तनाच्या कर्करोगाच्या साधारण १५ ते २० टक्के रुग्णांतच वाढलेले असते, आणि सीए १५-३ ही रक्तातील चाचणीही प्रामुख्याने पसरलेल्या आजाराच्या पाठपुराव्यासाठी वापरतात, निरोगी स्त्रियांच्या तपासणीसाठी नव्हे. उपकरणाची कल्पना चांगली आहे, पण मॅमोग्राफीला (स्तनांच्या क्ष-किरण तपासणीला) तो पर्याय आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही.

प्रोस्टेटची गोष्ट तर मुळातच वेगळी आहे. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमधील रॉस ईल्स यांच्या गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ‘लाळेतून प्रोस्टेटचा कर्करोग कळतो’ अशी हाकाटी झाली. त्या लाळेत गाठीचा अंश कोणी शोधलाच नव्हता. लाळ हा तेथे माणसाचा जन्मजात डीएनए मिळवण्याचा सोपा मार्ग होता. त्यातील १३० जागी असलेले आनुवंशिक फरक मोजून प्रत्येकाचा धोका ठरवला गेला. ५५ ते ६९ वयाच्या ६,३९३ पुरुषांपैकी सर्वाधिक धोक्याच्या गटात ७४५ निघाले, त्यांपैकी ४६८ जणांनी एमआरआय आणि बायोप्सी करून घेतली, आणि १८७ जणांना कर्करोग आढळला. म्हणजे निदान बायोप्सीनेच केले. उरलेल्या २८१ जणांत धोक्याचा आकडा मोठा असूनही कर्करोग दिसला नाही. तो आकडा विशीतही तेवढाच असतो आणि साठीतही. कमी धोक्याच्या गटाला पुढच्या तपासणीसाठी बोलावलेच नव्हते, त्यामुळे त्यांच्यातील किती जण निसटले हे या अभ्यासावरून ठरवता येत नाही.

राहिले ‘दडपून ठेवले आहे’ हे विधान. येथे उल्लेखलेला प्रत्येक अभ्यास नियतकालिकात छापून आलेला आहे. इतकेच नव्हे, तर २००४ च्या त्या सात आरएनएंसह आणखी तीन प्रथिने घेऊन २०१२ मध्ये पाच स्वतंत्र गटांतील ३९५ व्यक्तींवर फेरतपासणी झाली. तिच्यात आयएल-८ आणि सॅट (त्या सातांपैकीच एक) ही दोन चिन्हके सर्वांत सरस ठरली, आणि तोही निष्कर्ष छापला गेला. चिन्हकाचा प्रवास कसा व्हावा याच्या पाच पायऱ्या संख्याशास्त्रज्ञ मार्गारेट पेपे आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडल्या. निदानाच्या कित्येक महिने आधी साठवून ठेवलेल्या नमुन्यांत चिन्हक दिसते का हे तिसऱ्या पायरीवर, निरोगी लोकांची प्रत्यक्ष तपासणी चौथ्या पायरीवर, आणि त्या तपासणीने मृत्यू घटतात का हे पाचव्या पायरीवर पाहायचे असते. २००४ आणि २०१२ ची दोन्ही कामे दुसऱ्या पायरीच्या पुढची नाहीत, म्हणजे दडपलेली नव्हेत, अपुरी आहेत.