मोबाइलमध्ये तर चालतंय ना, भिया!

काल दुपारी मेसेज आला की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालेलं आहे, आमच्यावर विश्वास ठेवल्याबद्दल धन्यवाद. मेसेज आला तेव्हा नेटवाला अजून आमच्या दारात बसून बुटाची लेस बांधत होता आणि माझा पीएस थ्री, म्हणजे सोनीचं जुनं प्लेस्टेशन, गेमचं मशीन, आत टीव्हीखाली नेटविना तसाच पडला होता. समाधान कुणाचं झालं ते मला अजून कळलेलं नाही. आईचं झालं नव्हतं, बायकोचं झालं नव्हतं, माझं तर सोडाच. शेजारच्या काकांचं मात्र झालं असावं, कारण जाताना ते शीळ घालत गेले.

भानगड अशी की नेटच्या कंपनीने जुना राउटर काढून नवा लावला. कुणी मागितला नव्हता. "अपग्रेड है भिया, फ्री है" (भिया म्हणजे आमच्या इंदुरात भैया) म्हणत चार अँटेनावाला काळा डबा ठोकून गेले. त्यावर सगळ्यांचे मोबाइल चालले, टीव्ही चालला, आईचा टॅब चालला ज्यावर ती गजाननविजयाचं पारायण ऐकते. नाही चालला तो फक्त पीएस थ्री.

आता चाळिशीच्या माणसाला पीएस थ्री कशाला लागतो हे कृपा करून विचारू नका, घरात विचारून झालेलं आहे. आमच्या खानदानात चाळिशीनंतर पुरुषाने सानंदच्या, म्हणजे इथल्या मराठी संस्थेच्या, नाटकाला जावं, सकाळी उसळ-पोहे खायला दोन किलोमीटर चालत जावं आणि त्याला व्यायाम म्हणावं, एवढेच छंद मंजूर आहेत. मी संध्याकाळी अर्धा तास फुटबॉल खेळतो, बोटांनी. कुणाचं काय जातं? जुन्या डिस्क आहेत, काही गेम नेटवरून विकत घेतलेले आहेत, पैसे भरलेत हो, ते पुन्हा उतरवायचे तर नेट लागतंच. २०२१ मध्ये सोनीने पीएस थ्रीचं ऑनलाइन दुकान बंद करायचं जाहीर केलं होतं, मग जगभरातल्या माझ्यासारख्यांनी एवढा आरडाओरडा केला की महिन्याभरात निर्णय फिरवला. म्हणजे तिकडे दुकान उघडं आहे आणि इकडे माझ्या हॉलमधून तिथपर्यंत रस्ता नाही.

रोग काय तो मला माहीत होता, हे सगळ्यात जास्त झोंबतं. पीएस थ्री २००६ सालचा. वायफायच्या लहरींचे पट्टे असतात, त्यातला त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झचा कळतो, तोही जुन्या 'बी' आणि 'जी' पद्धतीचा, म्हणजे वेग कागदावर ५४ एमबीपीएस आणि प्रत्यक्षात निम्मं मिळालं तरी पेढे वाटावेत. दुसरा पट्टा, पाच गिगाहर्ट्झ, त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. सुरक्षा, म्हणजे वायफायचं कुलूप, डब्ल्यूपीए-टू पर्यंत. डब्ल्यूपीए-थ्री आलं २०१८ मध्ये, ते त्याला कुठून माहीत असणार? आणि नवा राउटर स्मार्ट. दोन्ही पट्टे एकाच नावाखाली दाखवतो, कुठला कुणाला द्यायचा ते स्वतः ठरवतो, वर डब्ल्यूपीए-थ्री लावून बसतो. पीएस थ्रीला नाव दिसतं, मी चिमुकल्या अक्षरांवर बाण फिरवत फिरवत पासवर्ड घालतो, टेस्ट करतो, आणि पहिल्याच ओळीत, आयपी ॲड्रेस, म्हणजे राउटरने मशीनला द्यायचा पत्ता, फेल. पुढच्या ओळींपर्यंत गाडी जातच नाही.

इलाज पाच मिनिटांचा. २.४ चं नाव वेगळं करायचं, सुरक्षा डब्ल्यूपीए-टू एईएस ठेवायची, मोडमध्ये 'बी-जी-एन' तिन्ही चालू ठेवायचे, चॅनल एक, सहा किंवा अकरा लावायचं कारण जुन्या यंत्रांना बरेचदा बारा-तेरा दिसतच नाहीत. झालं. पण १९२.१६८.१.१, म्हणजे राउटरच्या सेटिंगचं पान, उघडून राउटरच्या बुडाखालच्या स्टिकरवरचा पासवर्ड घातला तर आत फक्त वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलता येतो, बाकी सगळं पुसट करड्या रंगात. त्याच्या चाव्या कंपनीकडे. घर माझं, वीज माझी, भिंतीला भोक माझ्या, महिन्याचे पैसे माझे, आणि राउटरमध्ये मला पाहुण्याइतकीच मुभा, हॉलपर्यंत या, पाणी प्या, आतल्या खोलीत जायचं नाही.

म्हणून तक्रार. फोन लावला तर बाई विचारतात, आपके मोबाइल में इंटरनेट चल रहा है तो एक दबाएँ, नहीं चल रहा तो दो दबाएँ. मोबाइलमध्ये चालतंय पण दुसरीकडे नाही, ह्याला बटणच नाही. एक दाबलं की बाई खूश होऊन फोन ठेवतात. मी दोन दाबलं. तेव्हा कुठे काल दुपारी ते दोघे आले. म्हणजे आला एकटा नेटवाला, दुसरे काका.

काकांना कुणी बोलावलेलं नव्हतं. आमच्या गल्लीत दार उघडं असलं आणि बाहेर अनोळखी बूट दिसले की काका येतात, नियमच आहे. रिटायर माणूस, आणि स्वच्छतेचं वेड. कचऱ्याची गाडी आली की हे सगळ्यांच्या आधी फाटकात, कुणाच्या सुक्यात ओलं गेलं ते बघायला. इंदूर २०१७ पासून देशात नंबर वन येत राहिलं ह्यातलं अर्धं श्रेय काका स्वतःकडे घेतात, उरलेलं महापालिकेला देतात.

नेटवाल्याने पीएस थ्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भिया, ये किस जमाने का है? बच्चों का है?"

म्हटलं, माझं आहे.

त्याने खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, आमच्या वायफायला जोडला आणि त्यावर कढईत उडी मारणाऱ्या मांजराचा व्हिडिओ लावला. "देखो. मोबाइल में तो मस्त चल रिया है."

"मोबाइलमध्ये चालतंय हो, ह्यात चालत नाही."

"तो नेट में तो दिक्कत नहीं है ना. डिब्बा पुराना है. इसमें फाइव जी नहीं आता."

मी समजवायला गेलो की ते फाइव जी वेगळं, मोबाइलच्या टॉवरचं, हे पाच गिगाहर्ट्झ वेगळं, आणि मला पाच नकोच आहे, मला २.४ सुटं करून द्या. तर काका म्हणाले, "फाइव जी आलाय की आपल्याकडे. पाण्याच्या टाकीच्या मागे टॉवर लागलाय ना." मग पुढे होऊन पीएस थ्रीवर बोटाने टकटक केली. "हे काय आहे पण?"

"गेमचं मशीन आहे काका."

"चालत नाही?"

"चालतं. नेट लागत नाही."

"म्हणजे चालत नाही." असं म्हणून ते पाटावर बसले. बसले म्हणजे आता चहा होणार. "हे बघ बेटा, उगीच जीव लावू नये. सकाळी गाडी येते तेव्हा देऊन टाक. सहा खाने असतात गाडीत. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक. हे इलेक्ट्रॉनिकमध्ये."

"काका, मला टाकायचं नाहीये."

"बॉडी तो प्लास्टिक की है काका," नेटवाला म्हणाला. इतका वेळ ज्याला माझ्या राउटरमध्ये काडीचा रस नव्हता तो ह्या चर्चेत एकदम जिवंत झाला.

काका विचारात पडले. "हं. मग उघडावं लागेल. प्लास्टिक काढून प्लास्टिकमध्ये, आतला माल इलेक्ट्रॉनिकमध्ये. वायर?"

"वायर में तांबा है, वो कबाड़ी को. उसके पैसे मिलेंगे."

"आत सेल वगैरे असतो का रे?"

आणि मला माहीत होतं म्हणून मी सांगितलं की हो, घड्याळासाठी एक गोल सेल असतो, सीआर २०३२.

"सेल!" काका पाटावरून उठले. "सेल म्हणजे घातक कचरा! तो वेगळा द्यावा लागेल. बरं झालं विचारलं." मग त्यांनी रिमोट, म्हणजे माझा कंट्रोलर, उलटापालटा करून पाहिला, त्यातही बॅटरी असते हे नेटवाल्याने उत्साहाने सांगितलं, तोही घातकमध्ये गेला. गेमच्या डिस्कवर दोघांचं एकमत होईना. नेटवाल्याचं म्हणणं प्लास्टिक, काकांचं म्हणणं चमकतं ते सुक्यात. माझ्यासमोर, माझ्या घरात, माझ्या चहावर, चालू स्थितीतल्या मशीनची चार डब्यांत वाटणी झाली आणि मला कुणी 'हो का?' सुद्धा विचारलं नाही.

शेवटी मी पुरावा दिला. मोबाइलचा हॉटस्पॉट २.४ वर चालू केला आणि पीएस थ्री त्याला जोडला. आयपी ॲड्रेस, सक्सीडेड. इंटरनेट, सक्सीडेड. हिरवं-पिवळं काही नाही, साधी पांढरी अक्षरं, पण मला भरून आलं. म्हटलं बघा, डब्यात दोष नाही, तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये आहे.

नेटवाला स्क्रीनकडे बघत राहिला, आणि खरं सांगतो, मला वाटलं आता मानेल.

"तो भिया," तो म्हणाला, "मोबाइल से ही चला लो ना."

"बरोबर बोलतोय तो," काका म्हणाले.

मग नेटवाल्याने काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून खिशातून सुई काढून राउटरच्या मागच्या भोकात खुपसली. सगळं घर बंद. आतून आईचा आवाज, "अरे महाराज मध्येच थांबले!" नेट परत आलं, सेटिंग होतं तसंच. "ये बैकएंड से होगा, मेरे हाथ में नहीं है." मग पाठव ना तिकडे तक्रार, तर म्हणे ही तक्रार बंद झाल्याशिवाय नवीन टाकता येत नाही. ही का बंद करायची, तर नवी टाकण्यासाठी. मी म्हटलं नाही करणार बंद. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला, तक्रार बंद करायचा ओटीपी. मोबाइल हॉटस्पॉटसाठी टीव्हीजवळ ठेवलेला, काकांच्या हाताशी, आणि काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेऊन संपूर्ण ओटीपी एकेक आकडा करून खणखणीत वाचून दाखवला. हेच काका बँकेचा ओटीपी कुणाला सांगू नये म्हणून कॉलनीच्या ग्रुपवर रोज गुलाबाच्या फुलाखाली मेसेज टाकतात.

नेटवाल्याने तो टाइप केला आणि बूट घालायला बसला.

विनोद बाजूला ठेवून सांगतो, चीड त्या पोराची नाही. त्याला दिवसभरात इतक्या घरांत जायचं असतं, तक्रार बंद नाही झाली तर त्याचे पैसे कापतात असं तोच म्हणाला, त्याच्या हातात सुई सोडून काही दिलेलंही नाही. चीड ह्याची आहे की भाडं मी भरतो त्या यंत्राचं एक साधं सेटिंग मला बदलू देत नाहीत, ज्याला पाठवतात त्यालाही देत नाहीत, आणि ज्याच्याकडे चावी आहे तो बैकएंड नावाचा माणूस कधी कुणाच्या घरी येत नाही. जुनी वस्तू चालत नसेल तर वस्तूच वाईट, हे आधी ठरलेलं. वॉशिंग मशीन बदला, गीझर बदला, मोबाइल तर दोन वर्षांत बदलायचाच, आणि मग गाडीत सहा खाने आहेतच, वर नंबर वन.

संध्याकाळी जेल रोडला गेलो. तिथल्या डॉलर मार्केटमध्ये, म्हणजे मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दुकानदाराला वायर मागितली तर तो रिपीटर, म्हणजे वायफाय पुढे पोचवणारा डबा, दाखवायला लागला, "इसमें सब चलता है," पीएस थ्री म्हटल्यावर त्याने तो गुपचूप परत ठेवला, तेवढा प्रामाणिकपणाही आजकाल खूप झाला. लॅनची वायर घेतली. माळ्यावरून माझा स्वतःच्या पैशांचा जुना राउटर काढला, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, डीएचसीपी बंद केलं म्हणजे आयपी वाटायचं काम नव्याकडेच राहतं, २.४ वर अकरा नंबरचं चॅनल, डब्ल्यूपीए-टू, आणि वायर नव्या राउटरच्या लॅनमधून जुन्याच्या लॅनमध्ये. वॅनमध्ये, म्हणजे बाहेरून नेट येतं त्या भोकात, नाही, लॅनमध्ये, हे लक्षात ठेवा. पीएस थ्रीने पहिल्या फटक्यात जोडून घेतलं. बायको म्हणाली आता दोन-दोन राउटरचे दिवे रात्रभर लुकलुकणार का, मी ऐकलं नाही असं केलं.

मग प्लेस्टेशनच्या खात्यात लॉगिन करायला गेलो तर पासवर्ड चुकीचा. पासवर्ड बरोबर होता. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर कोडही मागणारी सुरक्षा, चालू असेल तर पीएस थ्रीला नेहमीचा पासवर्ड चालत नाही, वेबसाइटवरून डिव्हाइस सेटअपचा वेगळा पासवर्ड काढून तो घालावा लागतो, एवढं काढेपर्यंत साडेनऊ. झालं एकदाचं. आणि मशीन म्हणालं, अपडेट आहे.

लावलं अपडेट. हळूहळू सरकत होतं, अर्ध्याच्या पुढे गेलं, आणि नेट तुटलं. पुन्हा लावलं, पुन्हा तुटलं. राउटर बघितला, वायर बघितली, आणि मग ऐकू आलं, स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह घुं घुं करत होता. तोही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो, त्याच पट्ट्यात गोंगाट.

"आई, जरा पाच मिनिटं दूध नको ना गरम करूस."

"का?"

"माझं अपडेट चाललंय."

"मग काय गॅसवर करू? सिलिंडर कितीला झालाय माहिती आहे?"