आधी रीस्टार्ट, मग मला फोन

रात्री तीनला फोन. कॅसॅन्ड्रा डेटाबेसचा क्लस्टर मंदावलाय, 12 नोड (म्हणजे मशीन) आहेत, बघ जरा. मी विचारलं, नोडटूल टीपीस्टॅट्सचं, म्हणजे नोडवरची कामं कुठे अडकलीत ते दाखवणाऱ्या कमांडचं, आउटपुट घेतलंत का? उत्तर ठरलेलं: "नाही, पण सगळे नोड रीस्टार्ट करून पाहिले."

अरे, पुरावाच पुसून टाकलात की! किती मेसेज ड्रॉप झाले, कुठल्या थ्रेड पूलमध्ये (एका प्रकारची कामं उरकणाऱ्या थ्रेडच्या गटात) कामं तुंबली, हे आकडे प्रोसेस सुरू झाल्यापासूनचे असतात. रीस्टार्ट केलं की सगळं शून्य. आता त्या शून्यांवरून मी काय निदान करू?

बरं, लॉग तरी द्या म्हटलं, तर एकाच नोडचा सिस्टिम लॉग येतो. टीपीस्टॅट्स असो की लॉग, तो त्या-त्या नोडपुरताच असतो, हे किती वेळा सांगायचं? दुखणं सातव्या नोडच्या डिस्कला आणि नाडी दाखवतात पहिल्याची! त्यात निम्म्या मशीन यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), निम्म्या भारतीय वेळेवर. 20:04 चा जीसी पॉज (मेमरी साफ करताना प्रोसेस थांबते तो) आणि 01:34 चा टाइमआउट एकाच क्षणाचे आहेत, हे झोपेतून उठून जुळवत बसायचं.

टीपीस्टॅट्स, कॉम्पॅक्शनस्टॅट्स, टेबलस्टॅट्स, आयओस्टॅट या कमांडचं आउटपुट आणि लॉग, हे सगळ्या नोडवरून एकाच वेळी गोळा करणारी स्क्रिप्ट मी लिहून दिलीय. प्रत्येक मशीनवर ठेवलीय. एक कमांड मारायची, तीही रीस्टार्टच्या आधी, एवढंच मागतोय मी! बिघाडाचं मूळ कारण हाती लागलंच नाही, म्हणजे क्लस्टर पुन्हा बसणार आणि पुन्हा रात्री कुणीतरी आधी रीस्टार्टच मारणार.