‘तीन महिन्यांत फरक नाही, तर डोस दुप्पट करा’ : एका घातक सल्ल्याचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातील पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्रियांच्या मोबाइलवर सध्या एक मराठी मजकूर फिरत आहे. त्याचा आशय असा : इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) गोळ्या सुरू करून तीन महिने झाले आणि छाती भरली नाही, तर डोस कमी पडतो आहे, तो दुप्पट करावा, गोळ्या परवडत नसतील तर माला-डी ही गर्भनिरोधक गोळी चालते, सहा महिन्यांत शरीर पूर्ण बदलते, आवाज बारीक होतो, दाढी आपोआप जाते, आणि ‘थांबा’ म्हणणारे डॉक्टर केवळ तपासण्यांचे पैसे काढण्यासाठी थांबवतात. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असे मला वाटत नाही. वर्षानुवर्षे मन मारून जगल्यावर पहिली गोळी हातात पडते, तेव्हा पुढचा एकेक आठवडा किती जड जातो, हे मी जवळून पाहिले आहे. परंतु यातील जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे आणि दोन विधाने तर जिवावर बेतणारी आहेत, म्हणून त्यांचा क्रमाने समाचार घेणे भाग आहे.

पहिले विधान तीन महिन्यांच्या मुदतीचे. ही मुदत कोठून आली, हे मजकुरात सांगितलेले नाही. अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांची अमेरिकेतील संघटना एंडोक्राइन सोसायटी हिने 2017 साली आणि पारलिंगी आरोग्यावर काम करणाऱ्या डब्ल्यूपॅथ या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2022 साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत स्तनांच्या वाढीची सुरुवातच तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होते असे म्हटले आहे, आणि वाढ पूर्ण होण्यास दोन-तीन वर्षे, काही जणींना त्याहूनही अधिक काळ लागतो. नितंब आणि मांड्यांवर चरबी वळण्याची गतीही साधारण अशीच आहे. म्हणजे ज्या टप्प्यावर हा मजकूर उपचार फसल्याचा निर्वाळा देतो, त्या टप्प्यावर अनेकींच्या शरीरात काम नुकतेच सुरू झालेले असते. घरातील मुलगी वयात येते तेव्हाही तिची छाती भरण्यास काही वर्षे जातात आणि त्याबद्दल कोणी तिच्या गोळ्या वाढवत नाही. शरीराच्या पेशी तेच संप्रेरक घेऊन तेच काम करत असताना आपल्याकडून मात्र ते तिप्पट वेगाने व्हावे, ही अपेक्षा कोठून येते?

शिवाय सुरुवातीचे बदल आरशात दिसणारे नसतात. पहिल्या एक ते तीन महिन्यांत कामेच्छा आणि सकाळी आपोआप येणारी ताठरता कमी होते. पुढे त्वचेचा तेलकटपणा उतरू लागतो. मग एके दिवशी स्तनाग्राच्या मागे बोटाने चाचपल्यावर बोराएवढी घट्ट, हुळहुळी गाठ लागते. ती बहुधा एका बाजूला आधी आणि दुसऱ्या बाजूला नंतर येते, आणि खानापूरच्या भरलेल्या बसमध्ये कोणाचे कोपर तिला लागले, तर डोळ्यांत पाणी उभे राहते. ब्लाउजच्या मापात मात्र सुताचाही फरक पडलेला नसतो. हीच गाठ म्हणजे वाढीचा आरंभ होय. ती लागल्यावर घाबरून गोळ्या बंद करणाऱ्याही आहेत आणि ‘एवढेच?’ म्हणून डोस वाढवणाऱ्याही आहेत; दोघींनाही कोणीतरी वेळेवर सांगायला हवे होते. स्तनाग्रामागील अशी दुखरी गाठ या काळात अपेक्षित असते. मात्र गाठ इतरत्र लागली, दगडासारखी टणक असली किंवा स्तनाग्रातून रक्त आले, तर ती तपासून घ्यावी.

दुसरे विधान सर्वांत जास्त उचलले जाते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. डोस दुप्पट केल्याने वाढ दुप्पट होते, हे गृहीतकच खरे नाही. युरोपातील काही केंद्रांनी 229 पारलिंगी स्त्रियांच्या स्तनवाढीची पहिल्या वर्षभरातील मापे घेऊन 2018 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्षअखेरीस जवळजवळ निम्म्या जणींची वाढ ब्राच्या सर्वांत लहान मापाहूनही कमी होती आणि, मुद्दा इथे आहे, रक्तातील एस्ट्राडायॉलच्या (शरीरातील मुख्य इस्ट्रोजेनच्या) पातळीवरून कोणाची वाढ जास्त होईल हे सांगता येत नव्हते. अनुवंश, शरीराचे वजन, वय अशा अनेक गोष्टींचा त्यात वाटा असू शकतो. ठरावीक मर्यादेपलीकडचे इस्ट्रोजेन छातीला उपयोगी पडते याला पुरावा नाही, परंतु रक्त गोठण्याचा धोका मात्र डोसबरोबर वाढतो.

डोस पुरतो की नाही, हे रक्ताच्या अहवालावरून ठरते. मार्गदर्शक तत्त्वांनुसार एस्ट्राडायॉल एका मिलिलिटरमागे 100 ते 200 पिकोग्रॅम आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक एका डेसिलिटरमागे 50 नॅनोग्रॅमच्या खाली असावे. टेस्टोस्टेरॉन खाली आलेलेच नसेल, तर अडचण बहुधा त्याला रोखणाऱ्या गोळीची असते आणि तिचा विचार डॉक्टरांनी वेगळा करायचा असतो. तीही मनाने वाढवण्याची वस्तू नव्हे. त्यासाठी दिल्या जाणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनमुळे रक्तातील पोटॅशियम वाढू शकते, आणि म्हणून ती घेणाऱ्या बाईने रोज शहाळ्याचे पाणी पिण्याआधीसुद्धा डॉक्टरांना विचारलेले बरे. सायप्रोटेरॉन या तशाच दुसऱ्या गोळीच्या बाबतीत दिवसाला 10 मिलिग्रॅम पुरेसे ठरते. दीर्घकाळ घेतलेल्या मोठ्या डोसचा संबंध मेंदूच्या आवरणातील मेनिंजिओमा या गाठीशी आढळला आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. डोस खरोखरच कमी पडतो असेही घडते. बहुतेक डॉक्टर कमी डोसने सुरुवात करतात आणि अहवाल पाहून तो चढवतात. एखादे डॉक्टर चढवायचे विसरतात, किंवा या उपचाराची पुरेशी माहिती नसल्यामुळे कचरतात. अशा वेळी अहवाल समोर ठेवून ‘टेस्टोस्टेरॉन अजून का उतरले नाही?’ असे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. धीर धरा असे जेव्हा मी म्हणतो, तेव्हा तोंड मिटून बसा असे मला म्हणायचे नसते.

तिसरे विधान माला-डीचे, आणि ते सर्वांत घातक आहे. या पाकिटात 28 गोळ्या असतात. त्यांतील 21 संप्रेरकांच्या आणि 7 लोहाच्या. संप्रेरकाच्या गोळीत इथिनाइल एस्ट्राडायॉल असते. शरीरात तयार होणाऱ्या एस्ट्राडायॉलपेक्षा ते निराळे आहे. यकृतात ते सहजासहजी मोडले जात नाही आणि रक्त गोठवणाऱ्या घटकांची निर्मिती तेथे वाढवते. याच कारणासाठी पारलिंगी स्त्रियांच्या उपचारात ते वापरू नये असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आपल्याकडे तर एका गोळीवर न थांबता दिवसाला तीन-चार घेतल्या जातात. त्याच गोळीतील लेव्होनॉर्जेस्ट्रेल या दुसऱ्या घटकाचा काही अंशी पुरुषी संप्रेरकासारखाही परिणाम असतो, म्हणजे ज्यासाठी जीव धोक्यात घालायचा तेही नीट साधत नाही. निपाणीसारख्या तंबाखूच्या मुलखात विडी-सिगारेट हाताशीच असते आणि धूम्रपानाने हा धोका आणखी वाढतो.

हा सल्ला आपल्या थोरल्या अक्कांकडून आलेला आहे, हे मला ठाऊक आहे, आणि त्यांना नावे ठेवण्याची माझी इच्छा नाही. डॉक्टर आपल्याला दारात उभे करत नसत, त्या काळात मेडिकलमध्ये कोणीही काही न विचारता देईल अशी ती एकच गोळी होती. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर असो की गुरूंच्या घरी, जे हाताशी होते तेच त्यांनी पुढच्या मुलींना दिले. आज एस्ट्राडायॉल व्हॅलरेटची, म्हणजे एस्ट्राडायॉलचीच, गोळी बेळगावात चिठ्ठीवर मिळते, तेव्हा नाइलाजाने चालवलेली ती पद्धत पुढे चालू ठेवण्याचे कारण उरलेले नाही. एका पायाला अचानक सूज येऊन पोटरी दुखू लागली, धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर कोणती गोळी किती घेतली हे न लपवता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आवाज आणि दाढीचे विधान थोडक्यात निकालात निघते. वयात येताना टेस्टोस्टेरॉनने स्वरतंतू एकदा जाड झाले की इस्ट्रोजेनने ते पुन्हा बारीक होत नाहीत. आवाजासाठी वाचा-उपचारतज्ज्ञांकडे सराव करावा लागतो आणि तो गोळ्यांची वाट न पाहता आजही सुरू करता येतो. दाढीचे केस काहीसे विरळ होतात, हळू वाढतात, पण जात नाहीत. त्यासाठी लेझर किंवा इलेक्ट्रॉलिसिस (विजेने केसांची मुळे नष्ट करणे) हाच मार्ग आहे. इथे धीर धरून काहीच मिळणार नाही, आणि हे सुरुवातीलाच सांगितले तर पुढची निराशा टळते.

मजकुरात जे मुळीच नाही, तेही नोंदवतो. या उपचाराने शुक्राणूंची निर्मिती घटते आणि ती पूर्ववत होईल याची खात्री नसते. ज्यांना पुढे स्वतःचे मूल हवे असेल, त्यांनी पहिल्या गोळीपूर्वीच शुक्राणू गोठवून ठेवण्याबद्दल विचारावे. त्याच वेळी, गोळ्या सुरू आहेत म्हणून आपल्याकडून जोडीदाराला गर्भ राहणारच नाही असेही समजू नये.

शेवटचे विधान डॉक्टरांच्या हेतूविषयी. आपल्या लोकांना रुग्णालयांत जी वागणूक मिळते, तिच्यामुळे हा संशय पटकन पटतो. अथणी-रायबागकडच्या मुलीला अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांसाठी बेळगाव, हुबळी किंवा कोल्हापूर गाठावे लागते, दिवसाची मजुरी बुडते, काउंटरवरचा अर्ज कन्नडमध्ये, अहवाल इंग्रजीत आणि तिचे शिक्षण मराठी शाळेत. हा त्रास खरा आहे, आणि 2019 च्या पारलिंगी व्यक्तींच्या कायद्यात हार्मोन उपचारांचा उल्लेख झाल्यानंतरही तो पुरेसा हललेला नाही, याचा मला राग आहे. परंतु पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी होणारी रक्ततपासणी हा त्या त्रासाचा भाग नसून आपले संरक्षण आहे. यकृत, पोटॅशियम आणि संप्रेरकांची पातळी या गोष्टी बिघडल्या, तर अनेकदा अंगावर काहीही दिसत नाही.

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या दोन्ही बाजूंना उपचार घेणाऱ्यांनी जुने अहवाल एका फायलीत तारखेनुसार लावून सोबत न्यावेत, शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करावी, आणि रक्त देण्यापूर्वी शेवटची गोळी किती वाजता घेतली किंवा इंजेक्शन कोणत्या दिवशी झाले, ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. गोळी घेतल्यानंतर थोड्या वेळाने दिलेल्या रक्तात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिलेल्या रक्तात एस्ट्राडायॉलचा आकडा वेगळा येतो, आणि ही वेळ माहीत नसेल तर चांगल्या डॉक्टरांनाही डोसचा निर्णय अंदाजानेच घ्यावा लागतो.