नवा क्लायंट, जुनी स्क्रिप्ट आन् आपली चूक? छे!

मड म्हणजे नुसत्या अक्षरांवर चालणारा ऑनलाइन गेम, आन् तो खेळायचं सॉफ्टवेअर म्हणजे क्लायंट. झेडमड हा जुना क्लायंट सोडून मडलेट या नव्यावर आला का भाऊ? मंग पह्यले नव्या सॉफ्टवेअरले शिव्या घालजो, हे काम दिवसाच उरकून टाक म्हणजे रात्री मोटरची लाईन येईपर्यंत डोकं मोकळं राह्यते. तुही स्क्रिप्ट, म्हणजे गेममधे आपोआप हुकूम सोडणारा कोड, चुकूच शकत नाही, इतकी वर्षं चालली ना ते?

चालली काऊन, हे इचारू नको. जुना क्लायंट म्हणजे आपल्या पानठेल्यावरचा माणूस, तू नुसती मान हलवली की खर्रा घोटून हातात. कंस उघडा राह्यला, कोट बंद करायचा राह्यला, तरी तो बिचारा अंदाजानं समजून घे. मडलेटले लुआ 5.1 ही प्रोग्रामिंगची भाषा लागते, आन् लुआ अंदाज लावत नाही. पण हे मनावर घ्यायचं नाही. झेडमडची # पासून सुरू होणारी हुकमाची ओळ जशीच्या तशी चिकटव, लुआमधे # म्हणजे लांबी मोजायचं चिन्ह हाय म्हणून ते तिथंच अडते, आपण पुन्हा चिकटवायची, या खेपेले जरा जोरात.

एरर आला तर वाचू तर बिलकुल नको. 'देन' पायजे, = च्या जवळ, असं ते सरळ सांगून राह्यलं, म्हणजे तुलना कराले दोन बरोबर == लागतात, पण इंग्रजीत हाय ना, सोडून दे. 'एंड' (इफ बंद करायचा शब्द) पायजे म्हणते तवा ते फाइलच्या शेवटाकडे बोट दाखवते, इसरलेला एंड असते वर कुठंतरी एखाद्या इफच्या खाली, म्हणून तू शेवटच्याच ओळीकडे पाहत बसजो. कंटाळा आला की तीन-चार एंड खाली टाकून दे, जो लागला तो लागला.

स्क्रिप्ट वर्डमधेच टाइप करजो, दिसते लय छान. ते सरळ अवतरणचिन्हं वळवून नक्षीदार करून देते, लुआले ते ओळखू येत नाहीत, पण लुआले सौंदर्यदृष्टी नाही त्याले आपण काय करावं?

आन् झेडमडमधे कंसात पकडलेला पह्यला तुकडा देणाऱ्या %1 च्या जागी मॅचेस[1] ठोकून मोकळा हो. त्यात गेमच्या ओळीतला पूर्ण जुळलेला मजकूर असते, कंसात पकडलेलं नाव मॅचेस[2] पासून सुरू होते, पण एवढं कोण पाहते! मंग "गॉब्लिन उत्तरेकडून आला" हे अख्खं वाक्य मारायचा हुकूम सुटते, गेम म्हणते असं इथं कोणी नाही, आन् खरा गॉब्लिन तुले निवांत कुटत राह्यते. याच्यात एररही येत नाही, म्हणजे स्क्रिप्ट बरोबरच हाय.

तसं नेटले दोष द्यायचाही रिवाज हाय, पण हा अक्षरांचा खेळ हाय बाप्पा, 1978 मधे एसेक्स विद्यापीठात ट्रबशॉ आन् बार्टलनं पह्यलं मड काढलं तवापासून त्याले नेट लागतेच किती? टॉवरची एक दांडी असली तरी चालते. त्यामुळं हे कारण घरच्यांपुरतंच ठेवजो.

बॅकअप ठेवू नको, सगळे ट्रिगर (ठरावीक मजकूर दिसला की आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टा) एकाच रात्री बदल. नाहीच जमलं तर मॉनिटरचा तिरपा फोटो काढ, बल्बचा उजेड बरोबर एररवरच पडला पायजे, आन् ग्रुपवर टाक, "चालत नाही". बस, इतकंच. कोणी पोट्टा दोन मिनिटांत राह्यलेला एंड दाखवून देईन, तो गुपचाप टाकजो आन् सकाळी ग्रुपवर लिहजो, अपडेटमधे बग होता, त्यायनं काढला वाटते.